सायबर कॅफेतला भाऊ

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ती बाई पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभी असलेली मला अजून दिसते. मोबाइलवर इंटरनेट यायच्या आधीचा तो काळ. वारंगा फाट्याजवळच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपली होती. बाईनं पदराआडून घडी घातलेला कागद काढला.

"साहेब, मालक काही करून बसायच्या आधी त्यायला धरा. लेकरू गेल्यापासून ते घरात बोलतच न्हाईत."

तिचा नवरा फाट्यावर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. कागदावर त्याच्या अक्षरात गावातल्या दुसऱ्या धर्माच्या चौघांची नावं होती. शेवटचं शेजाऱ्याचं.

"त्याच्याच बायकोनं माझं बाळंतपण केलं," ती म्हणाली आणि खाली बसली.

दुकानाच्या झडतीत तांब्याच्या तारांखाली स्फोटकांचं सामान सापडलं. पंचनामा करून त्याला अटक केली. कोर्टानं पोलीस कोठडी दिली. माणूस निर्व्यसनी, कुणाशी भांडण नाही. दोन दिवस त्याचं एकच वाक्य, "भावाला दगा देणार न्हाई."

त्याला सख्खा भाऊ नव्हता. कळमनुरीच्या एका सायबर कॅफेच्या रजिस्टरमध्ये मात्र दर बाजाराच्या दिवशी त्याची सही होती. तिथला संगणक जप्त करून आम्ही त्याला 'भाऊ' या नावानं आलेली ई-मेलची पत्रं काढली. सुरुवातीच्या पत्रांत द्वेषाचा शब्द नव्हता. जेवलास का, झोप लागते का, एवढंच. नंतर दंगलींचे फोटो आले. मग गावातली नावं मागितली गेली.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात अशाच प्रकरणात पकडलेल्या एका आरोपीला आलेली पत्रं मिळाली. दोघांना आलेलं एकेक पत्र मी त्याच्यापुढं ठेवलं. 'तुझ्यासारखा भाऊ मला दुसरा नाही.' मजकूर अक्षरशः तोच, फक्त वरचं नाव वेगळं.

त्यानं दोनदा वाचलं. "ह्यालाबी असंच?"

मग तो बोलला. दोन दिवसांनी उरलेलं सामान घेऊन एक जण फाट्यावर उतरणार होता. त्याला आम्ही तिथंच पकडलं. पत्रं लिहिणारा 'भाऊ' मात्र कधीच सापडला नाही.

जबाबावर सही घेतल्यावर मी विचारलं, "लेकरू गेल्याचं दुःख गावात कुणाला सांगितलं नाहीस?"

"काहून सांगू, साहेब? कुणी इचारलंच न्हाई."

त्याला शिक्षा झाली. ती योग्यच होती. पण पुढच्या नोकरीत अशा प्रकरणातल्या आरोपीला 'हे तुला कुणी शिकवलं' असं मी आधी विचारत नसे. 'तुझी विचारपूस कोण करत होतं', हे आधी विचारायचो.