सुर्माकानने कबूल केलेली मेंढी

हे मी लिहावं की नाही, मला अजून कळत नाही. पण त्या दुपारी मी तिच्या अंगणात होतो.

सुर्माकान माझी शेजारीण. आमच्या नारिन शहराच्या बाजारात नमद्याचे, म्हणजे लोकर झोडपून-दाबून केलेले गालिचे विकते. मुलगा बाकाय बायकोसह रशियात, गोदामात कामाला. त्याच्या बायकोला, आइदायला, लग्नानंतर नऊ वर्षांनी पुन्हा दिवस गेले होते. आधीची दोन मुलं पोटातच गेली, म्हणून या खेपेला सुर्माकान आम्हा शेजाऱ्यांसमोर तो विषयही काढत नसे.

आइदाय मात्र फोनवर सगळं टाकायची. तपासणीचे फोटो, दवाखान्याचं दार, पुढची तारीख. अशाच एका फोटोखाली सुर्माकानने लिहिलं, "नातवाची सुयुंचू जो पहिला आणेल त्याला माझ्याकडून मेंढी."

चांगली बातमी आणणारा आमच्याकडे आधी 'सुयुंचू' म्हणतो. ऐकणाऱ्याने बक्षीस कबूल केलं की मग बातमी सांगतो. तू कोण, तुला कसं कळलं, असं त्याला विचारणं हलकेपणाचं मानतात. तिचं ते वाक्य कोण कोण वाचत असेल, हे तिच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

मे महिन्यात फोन आला. "सुयुंचू, एजे!" आवाज अनोळखी होता, पण थोरल्या बहिणीला म्हणतात तसं एजे म्हणाला. प्रसूतिगृहात काम करतो म्हणाला. नातू झाला, जरा लवकर, पण धडधाकट आहे.

सुर्माकान रडत रडत हसली. "माग बाळा, मेंढी तुझी."

"मेंढी फोनमधून कशी नेऊ, एजे? पंधरा हजार सोम पाठवा, मीच विकत घेतो."

त्याने लिंक पाठवली. तिने कार्डाचा नंबर भरला. मग बँकेचे सहा आकडे आले आणि तिचा चष्मा सापडेना. "बायके, वाचा ना जरा," ती मला म्हणाली; वयाने मोठ्या पुरुषाला आमच्याकडे बायके म्हणतात. मी वाचले. एकेक आकडा, नीट, सावकाश.

चार वर्षांच्या गालिच्यांचे पैसे गेले. ते कळेपर्यंत तिने सात घरी बातमी सांगितली होती. संध्याकाळी बाकायचा फोन आला. मूल झालंच नव्हतं, अजून दोन महिने होते.

पैशांवरून ती मला एका शब्दाने बोलली नाही. एवढंच म्हणाली, "जे जन्मलंच नाही त्याचा आनंद वाटून आले मी."

तिने नंबर बदलला. नवा नंबर फक्त मुलाला आणि सुनेला दिला. पाचव्या दिवशी त्यावर संदेश आला, "एजे, चौदा जुलै ना?" मग रोज काही ना काही. एकदा लिहिलं होतं, "या वेळी मेंढी नको. बातमी ऐकायची आहे की नाही, तेवढं सांगा."

तिने बाकायला बजावलं, "मूल झालं तरी फोन करू नकोस. मी खरं मानणार नाही. दारात येऊन सांग."

"इतक्या लांबून? रजा कोण देणार, आई?"

"मग नको सांगूस."

फोन बंद करून तिने माझ्याकडे ठेवायला दिला.

आज चोवीस जुलै. दारात कोणी आलेलं नाही. सकाळी तिने कुंपणापलीकडून विचारलं, "बायके, चालू केला नाहीत ना?" मी नाही म्हणालो.

काल केला होता. बाकायच्या नावाने दोन संदेश आहेत. दोन्हींत सुयुंचू हा शब्द नाही. नुसतं लिहिलंय, "आई, फोन घे." लिहिणारा बाकायच आहे का, ते मला ओळखता येत नाही. पलीकडे ती लोकर झोडपते आहे.