सात कडवी

“माझं पुस्तक आण,” ती म्हणाली.

“नाही. पाण्यात सोडलं,” मी म्हणाले.

ती आमच्या सोफ्यावर बसली होती. समोर वॉकर, उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. शेजारी तिची मुलगी उभी. टीपॉयवर माझ्यासाठी आणलेला खाऊ, केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेला गोड चिकट भात. मी तिचं पुस्तक कचऱ्यातून वाचवलं म्हणून ती आभार मानायला आली होती.

“कुठल्या पाण्यात?”

“मागच्या ओढ्यात.”

“पडलं?”

“पडलं नाही. मी सोडलं.”

तिला वाटलं माझं इंग्रजी चुकलं. ते नेहमीच चुकायचं. तिनं माझ्या सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, “आई, नीट सांगा ना काय झालं ते. मी ट्रान्सलेट करते.” मी मराठीत सांगितलं, सून इंग्रजीत सांगत गेली आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला.

बाईनं एकच विचारलं. “कधी?”

मी दिवस सांगितला. फेब्रुवारीतला दुसरा सोमवार.

“त्या सोमवारी मी पहिल्यांदा उभी राहिले,” ती म्हणाली.

हे अमेरिकेत, क्युपर्टिनोत झालं. मुलाची नोकरी गेली होती, मग दुसरी लागली, पण मोठं घर परवडेना म्हणून आम्ही अपार्टमेंटमध्ये राहायला आलो होतो. दोन हजार दोन सालची दिवाळी तिथेच झाली. ही बाई आमच्या खालच्या मजल्यावर एकटी राहायची. फिलिपिन्सची. नवरा गेलेला, मुलगी नर्स, अर्ध्या तासावरच्या गावात. कपडे धुण्याच्या खोलीबाहेर एक बाक होता. मशीन थांबेपर्यंत आम्ही दोघी तिथे बसायचो. तिचं इंग्रजी चांगलं, माझं मोडकं. उरलेलं हातवाऱ्यांनी भागायचं. इथे मी तिचं बोलणं सरळ मराठीत लिहिते आहे, पण ते मला तेव्हा एवढं सरळ कळत नव्हतं.

“किती शिकलीस?” तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“चौथी.”

“चार वर्षं शाळेत केलंस काय?”

“पाटी पुसली.”

ती हसली की तिचा खालचा दातांचा सेट हलायचा. ती माझ्या चहाला खीर म्हणायची. मी तिच्या कॉफीला काढा म्हणायचे.

एक दिवस तिनं ते पुस्तक दाखवलं. पुस्तक म्हणजे हातानं लिहिलेली जाड वही, मेणकापडात गुंडाळलेली, दोऱ्यानं शिवलेली. कडा कसरीनं खाल्लेल्या. शाई तपकिरी झालेली. पहिल्या पानावर क्रूस. तिच्या आजीच्या आईनं ते लिहिलं होतं, त्यांच्यावर स्पॅनिश लोकांचं राज्य होतं तेव्हा.

त्या राज्याबद्दल तिनं मला जे सांगितलं ते मी थोडक्यात लिहिते. स्पॅनिश येण्याआधी त्यांच्या लोकांची स्वतःची लिपी होती. बांबूवर लिहायचे, पानांवर लिहायचे. ते कुजून गेलं, काही पाद्र्यांनी जाळलं. मग तीनशे वर्षं पाद्री म्हणेल तेच छापायचं. प्रार्थना, संतांच्या गोष्टी आणि ख्रिस्ताच्या छळाची लांबलचक पद्यकथा. ही कथा त्यांच्या भाषेत. पाच ओळींचं कडवं, एका ओळीत आठ अक्षरं. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी ती गाऊन वाचतात, पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत. दिवसरात्र चालतं. एक दमला की दुसरा धरतो. मध्ये थांबायचं नाही. येईल त्याला जेवायला वाढायचं.

“म्हणजे पारायण,” मी म्हणाले आणि आमचा सप्ताह कसा असतो ते सांगितलं. तिला ते लगेच पटलं.

“मुलींना पाद्री वाचायला शिकवायचा,” ती म्हणाली. “लिहायला नाही. लिहायला आलं तर पोरांना चिठ्ठ्या लिहितील.”

“आमच्याकडे पाद्री नव्हता,” मी म्हणाले. “सासरे होते.”

तिची पणजी भावाच्या पाटीवर बघून बघून लिहायला शिकली. मग तिनं शेजाऱ्यांकडून छापलेलं पुस्तक मागून आणलं आणि सगळं उतरवून काढलं. पुढे तिचा थोरला मुलगा रस्ता बांधायच्या वेठीला नेला. तो परत आला नाही. त्या कथेत एक जागा आहे, तिथे मुलगा छळाकडे निघतो आणि आई त्याला अडवते. पणजीनं त्या जागी आपली सात कडवी घातली. ती कुठल्या छापलेल्या पुस्तकात नाहीत. त्यात आई विचारते, तुझ्या पायात काय आहे, दगड फोडताना तुला पाणी कोण देतं. केळीच्या पानात बांधून पाठवलेला भात तसाच परत का आला. पाद्र्याचा माणूस वाचनावर नजर ठेवायला यायचा. तो अंगणात जेवायला बसला की बायका आत ही सात कडवी म्हणून घ्यायच्या.

पणजीनंतर आजीनं, आजीनंतर आईनं आणि आईनंतर हिनं दर वर्षी हे वाचायचं असा नवस होता. अमेरिकेत आल्यावरही हिनं चुकवलं नव्हतं. त्या बाकावर तिनं मला ती सात कडवी गाऊन दाखवली. चष्मा लावून, बोट ओळीवर ठेवून. चाल लांब, एकसुरी, रडक्या पोराला थोपटताना निघते तशी. मी बोटांवर अक्षरं मोजली. आठच होती.

बोट ओळीवर होतं, हे मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मी घेतला नाही. आमच्या आईला जात्यावरच्या शे-दोनशे ओव्या येत होत्या. एकही कुठे लिहिलेली नव्हती. मला वाटलं बायकांची गाणी तोंडातच असतात. पुस्तक हे वरचं, नसलं तरी चालेल असं. तिला आणि तिच्या मुलीला सगळं येतच असणार.

डिसेंबरात तिला झटका आला. ॲम्ब्युलन्स आली, मी गॅलरीतून पाहिलं. दवाखान्यातून तिला दुसऱ्या ठिकाणी हलवलं, जिथे म्हातारी माणसं ठेवतात. मुलगी जानेवारीत जागा रिकामी करायला आली तेव्हा मी विचारलं, “आई कधी येणार?” ती म्हणाली, “आंटी, ती आता इथे येणार नाही.” तिला म्हणायचं होतं या घरात. मी समजले ते वेगळं. पुन्हा विचारलं असतं तर कळलं असतं. विचारलं नाही.

कचऱ्याच्या मोठ्या डब्याशेजारी तिनं खोकी लावून ठेवली. जुनी मासिकं, बिलं, गाद्यांच्या खोळी. त्यात मेणकापड दिसलं. मी ते काढून घरी आणलं.

सून म्हणाली, “आई, प्लीज, लोकांचं गार्बेज घरात नको. बघा, किडे आहेत त्यात.”

“पोथी आहे.”

“त्यांची आहे ना? त्यांनीच टाकली.”

तीन आठवडे मी ती पलंगाखाली ठेवली. फाटकी पोथी घरात ठेवू नये असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. कचऱ्यात टाकू नये, पायाखाली येऊ देऊ नये, जाळू नये. वाहत्या पाण्यात सोडावी. वाचणारीच उरली नाही, मग पोथी कुणासाठी, असं मी मनाशी म्हणाले. खरं सांगायचं तर मी तिला मेलेली धरून चालले होते. ती दोन गावं पलीकडे बेडवर पडून हाताची बोटं हलवायला शिकत होती आणि मी तिचं उरकून टाकत होते.

पाऊस पडून गेला आणि ओढ्याला पाणी आलं. उन्हाळ्यात त्यात नुसते दगड असतात. मी मेणकापड काढून घेतलं, कारण ते पाण्यात कुजत नाही. पोथीवर हळदकुंकू वाहिलं, एक फूल ठेवलं आणि पाण्यात सोडली. ती लगेच बुडाली नाही. थोडी पुढे गेली, उघडली, पानं पसरली, मग वळणावर दिसेनाशी झाली. मी हात जोडले. घरी येऊन आंघोळ केली. मला बरं वाटलं होतं. तेही लिहायला हवं.

मार्चमध्ये सुनेला बाईची मुलगी भेटली आणि पोथी मी उचलल्याचं सून तिला बोलून गेली. मग बाई आमच्या सोफ्यावर येऊन बसली.

ती ओरडली नाही. मुलगी मात्र बोलली. “आंटी, तुम्ही एक फोन करायचा होता.” बरोबर होतं. मी म्हणाले, “तू कचऱ्यात टाकायला नको होतंस.” तेही बरोबर होतं. तिनं जागा नव्हती म्हणून टाकलं होतं. माझ्याकडे पलंगाखाली जागा होती.

संध्याकाळी माझा मुलगा मला घेऊन ओढ्यावर गेला. वळणापर्यंत गेलो, पुढे पुलापर्यंत गेलो. बाटल्या होत्या, एक टेनिसचा चेंडू होता. “आई, क्रीकमध्ये काही टाकणं इल्लीगल आहे,” तो म्हणाला. “कुणी बघितलं असतं तर?” त्याच्या डोक्यात तेवढंच.

मग मी वही घेतली. सुनेला म्हटलं, मला दर शनिवारी तिच्या मुलीकडे सोड. “दर वीकेंडला ड्राइव्ह कोण करणार?” ती म्हणाली, पण तिनं सोडलं. बाई खुर्चीत बसायची, मी समोर. ती आठवेल ते म्हणायची, मी लिहायचे. मला इंग्रजी अक्षरं लिहिता येत नाहीत, म्हणून देवनागरीत. शब्द कळत नव्हते, नुसते आवाज टिपत होते. झटक्यानं तिची जीभ जड झाली होती. पाच ओळींतल्या तीन यायच्या आणि चौथी दुसऱ्याच कडव्यातली. मग ती थांबायची, मान हलवायची, खोडायला सांगायची. मी खोडायचे. वही खोडाखोडीनं भरली.

“तुझ्या मुलीला विचार,” मी एकदा म्हटलं.

“तिला भाताची ओळ येते,” ती म्हणाली. “लहान होती तेव्हा नेमकी तिथे तिला भूक लागायची.”

चौथ्या शनिवारी मी म्हणाले, “माझी चूक झाली.”

“हो,” ती म्हणाली. “लिही.”

ईस्टरच्या आठवड्यापर्यंत एक कडवं पूर्ण झालं आणि दुसऱ्याच्या दोन ओळी.

वाचन मुलीच्या गॅरेजमध्ये झालं. गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या, एका टेबलावर जेवण. पंधराएक म्हाताऱ्या बायका, दोन म्हातारे. छापलेली पुस्तकं होती. त्यांना माझ्याबद्दल माहीत होतं. एकीनं मला खुर्ची दिली आणि ती पुस्तकाकडे वळली. आईची जागा आली तेव्हा बाईनं डावा हात वर केला आणि सगळ्या थांबल्या. थांबायचं नसतं, तरी थांबल्या. तिनं तोंड उघडलं. एक ओळ आली. पुढे काही आलं नाही.

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, “आंटी, तुम्ही वाचा.” माझी अक्षरं त्या खोलीत कुणालाच वाचता येत नव्हती.

मी उभी राहिले आणि ते एक कडवं वाचलं. चालीत म्हणायचा प्रयत्न केला. माझ्या तोंडी त्यांचे शब्द कसे लागले असतील ते मला माहीत नाही. एक बाई शेजारणीला काही विचारत होती. शेजारणीनं खांदे उडवले. मी वाचून संपवलं आणि बाईकडे पाहिलं.

“हे नाही,” ती म्हणाली. “असं नव्हतं.”

मग मुलीनं छापलेल्या पुस्तकातलं पुढचं कडवं धरलं आणि बाकीच्या तिच्यामागून म्हणू लागल्या. बाई म्हणाली नाही. डोळे मिटून बसली, वाचन संपेपर्यंत. संपायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. नवस मोडला की पुरा झाला हे मी कुणाला विचारलं नाही.

त्यानंतरही मी दोन शनिवार गेले. ती वहीकडे बघेना. तिसऱ्या शनिवारी मुलगी दारातच म्हणाली, “आंटी, आता नका येऊ. तिला त्रास होतो.” मी परत फिरले. सून गाडीतच बसलेली होती.

जूनमध्ये दुसरा झटका आला आणि बाई गेली. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. मी आहे.