विल्सनच्या गळ्यातला मोठा कॅमेरा

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे फोटोंपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से राहतात आमच्या डोक्याला!

मी मनवेलपाड्याचा, माझा पार्टनर विल्सन उमेळ्याचा. दोघांत मिळून एकच धड कॅमेरा, आणि नेमकं सीझनच्या तोंडावर त्याचं शटर गेलं. रिपेअरवाला म्हणतो, "यात पैसे घालू नका, नवा घ्या." बोलायला काय जातंय याचं! पुढ्यात विल्सनच्या गावातल्या एल्सी आंटीच्या मुलीचं लग्न. ते नीट झालं तर गावातली पुढची लग्नं आमची, नाहीतर आमचा धंदा बसलाच म्हणायचा.

*

शोरूमवाल्याला सरळ सांगितलं, "चर्चमध्ये फादर फ्लॅश मारू देत नाहीत. कमी उजेडात चालेल असा दाखवा, बजेट थोडं आहे." त्याने काय दाखवावं? बॅग फ्री, ट्रायपॉड फ्री, वर टी-शर्ट फ्री!

मी म्हटलं, "जरा दिवे बंद करा, एक फोटो काढून बघतो."

"साहेब, अंधारात कोण फोटो काढतं?"

अरे, मग इतका वेळ मी काय भिंतीशी बोलत होतो?

*

मग सेकंडहँड. पाचूबंदरच्या एकाने जाहिरात टाकलेली, "घरगुती वापर, नव्यासारखा." जेटीवर गेलो. झूम फिरवला तर आत वाळू करकरते! नाकाशी नेला तर सुक्या बोंबलाचा वास!

"दादा, हा होडीवर नेत होतास ना?"

"आईशपथ, पानी लागलंच नाय त्याला! बर्फात पन कधी ठेवला नाय!"

बर्फाचं मी विचारलं होतं का?

*

शेवटी विल्सननेच डोकं लावलं. "कॅमेऱ्याची नुसती बॉडी वापरलेली चालेल, पैसे लेन्समध्ये घालू." छोटी मिररलेस बॉडी आणि अंधुक उजेडातही स्वच्छ फोटो काढणारी एक बुटकी लेन्स घेतली. बजेट तिथेच खलास. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जाऊन ट्रायल घेतली, मेणबत्तीची वातसुद्धा नीट आली. आम्ही खूश.

आणि एल्सी आंटीने तो कॅमेरा बघितला!

"हा? माझ्या भावाचा मोबाईल याच्याहून मोठा! सगळे पाहुणे येणार, आमची लाज काढता काय? मोठा कॅमेरा नसेल तर मी दुसरा माणूस बघते."

माझं टाळकंच सटकलं. बाई, फोटो बघा ना, फोटो! कॅमेरा काय भिंतीवर टांगायचाय? पण विल्सनने माझा हात दाबला. "आंटी, मोठा पण आणतो."

*

लग्नाच्या दिवशी विल्सनच्या गळ्यात आमचा जुना, मेलेला कॅमेरा. पुढे हातभर झूम, आत बॅटरीसुद्धा नाही! पठ्ठ्या चर्चच्या वेदीसमोर, आल्तारासमोर गुडघ्यावर बसतोय, एक डोळा मिटतोय, नवरीला "मान थोडी वर" सांगतोय. आणि फोटो काढतोय मी, बाजूने, अंग चोरून.

अंगठ्या घालायच्या वेळी एल्सी आंटीच्या भावाने मोबाईल काढला आणि फाडकन फ्लॅश! फादर थांबले. रागाने बघितलं कोणाकडे? माझ्याकडे! मला खुणेने खांबामागे पाठवलं, आणि विल्सनला हाताने "पुढे या, पुढे या"! उरलेलं अख्खं लग्न मी खांबाआडून काढलं. मान आखडली ती वेगळीच.

*

आल्बम आंटीकडे गेला. थोड्या दिवसांनी गावातूनच एका बाईंचा फोन. मी स्पीकरवर टाकला, विल्सनला पण ऐकू दे म्हणून.

"एल्सीकडचा आल्बम बघितला. काय फोटो आहेत! नवरीच्या डोळ्यांतलं पाणी पण दिसतंय. माझ्या मुलीचं लग्न तुम्हालाच द्यायचंय."

मला तर भरूनच आलं. म्हटलं, चला, कुणीतरी फोटो बघितले!

"फक्त एक करा हं," बाई म्हणाल्या. "तो खांबामागे लपलेला, खेळण्यातल्या कॅमेऱ्याचा माणूस पाठवू नका. आम्हाला तो मोठ्या कॅमेऱ्यावालाच पाहिजे."

समोर विल्सन त्याच कॅमेऱ्याची काच पुसत बसला होता.