पेटीवाल्या मास्तरांचे इयरफोन

२०२२ साल. मास्तर चौऱ्याहत्तरचे होते, मी सत्तरचा. तोवर त्यांची एक सवय नाशिकच्या द्वारका भागातल्या आमच्या सगळ्या गल्लीला पाठ झाली होती. समोरचा बोलायला लागला की मास्तर डावा तळहात वर करायचे, मान तिरकी करायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "थांब. आधी कान दे, मग तोंड." गिऱ्हाईक असो, हवालदार असो, नाहीतर विजेचं बिल टाकायला आलेला माणूस असो, सगळे थांबायचे. मीसुद्धा थांबायचो. आणि मी कुणासाठी थांबणारा माणूस नाही, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल.

मास्तर पेट्या दुरुस्त करायचे. पेटी म्हणजे वाजवायची, भजनाची. एक बाकडं, एक कपाट आणि भिंतीला टांगलेले फाटके भाते, एवढंच दुकान. भात्याला नवं कातडं लावणं हे काम कुणीही करील. खरं काम सूर लावायचं. आतली पितळी पट्टी कानशीनं अशी घासायची की घासली म्हणून दिसू नये, पण ऐकू यावी. वणी, कळवण, दिंडोरी, सगळीकडच्या भजनी मंडळांच्या पेट्या सप्ताहाच्या आधी त्यांच्याकडे यायच्या. मास्तर पाच वेळचे नमाजी, आणि सूर लावून झाला की तपासायला वाजवायचे अभंग. म्हणायचे, "पेटी ज्याची, त्याच्याच गाण्यात बोलली पाहिजे."

माझं दुकान लागूनच. लग्नाचे, जयंतीचे, उरुसाचे स्पीकर मी लावायचो, आधी भोंगे आणि मग डबे. त्यामुळे मास्तरांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "भोंगेवाले," म्हणायचे, "तुझ्या धंद्यात सूर नसतो, नुसता जोर असतो." मी म्हणायचो, "मास्तर, तुमचा सूर पहिल्या ओळीपुढं जात नाही. मागच्यांना कोण ऐकवतं?" हे भांडण आम्ही चाळीस वर्षं त्याच शब्दांत केलं. नवे शब्द शोधायची गरज पडली नाही.

मी तिसरीपर्यंत शिकलो. हे लिहितोय ते माझ्या हातानं, कुणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. चुका सापडल्या तर तुमच्या तुम्ही दुरुस्त करून घ्या.

त्या वर्षी कळवणकडचे एक बुवा आले. कांद्याची शेती आणि गळा असा, की माईक बंद पडला तरी मला काळजी नसायची. महिन्याभरापूर्वी मास्तरांकडून नेलेली पेटी खांद्यावरून उतरवून म्हणाले, "मास्तर, वरच्या सुरात कायतरी खुपतंय हो. खालचं ब्येस हाय. वर गेलं का टोचतंय."

मास्तरांनी तळहात वर केला. पेटी उघडली, वरचे सूर एकेक करून वाजवले, डोळे उघडले.

"पेटीत काही खुपत नाही, बुवा. तुमच्या गळ्यात खुपतंय. वय झालं तुमचं."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती हसली. बुवांनी पेटी चादरीत गुंडाळली, खांद्यावर घेतली आणि गेले. मी मास्तरांना म्हटलं, "हल्ली मोबाइलमध्ये सूर दाखवणारा काटा असतो म्हणे. एकदा लावून बघायचा."

"काट्यानं सूर बघू? मग उद्या जेवण पण फोटोतच करीन."

त्यानंतर कळवणकडून पेट्या येईनाशा झाल्या. मास्तर म्हणायचे, रस्ता खराब आहे. मी म्हणायचो, हो.

आता मुलीचं. मास्तरांची एकुलती एक मुलगी पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. बाप दुपारी बाकड्यावर पडून मोबाइलवर जुनं गाणं ऐकतो आणि मोबाइलचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, हे तिच्या मनाला लागलं. तिनं कानात घालायचे भारीतले इयरफोन घ्यायचं ठरवलं. किती भारी ते मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही त्या लेकरालाच वेडी म्हणाल. शोधशोध शोधून तिच्याकडे दोन उरले. किंमत सारखी, दिसायला सारखे, लोकांनी दोन्हींची तारीफ सारखीच केलेली. तिनं फोनवर सांगितलं, आणि मास्तरांनी तो फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवला होता, मला ऐकू यावा म्हणून:

"अब्बा, मला फरकच कळेना. कॉलेज रोडच्या दुकानात दोन्ही ऐकायला मिळतात. तुम्हीच ऐका आणि निवडा. तुमच्यासारखा कान आपल्या सगळ्या खानदानात कुणाला आहे?"

मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही त्यांना सरकारनं बोलावलंय.

शुक्रवारी नमाजनंतर इस्त्रीचा सदरा घालून ते निघाले. मी सोबत. "तू कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, "रिक्षात एकटे बसलात तर रिक्षावाल्याला कान द्यायला लावाल." खरं म्हणजे मला ते दुकान बघायचं होतं.

दुकान थंडगार. बोलायला एक बाई होत्या, तिशीच्या, गोड स्वभावाच्या. त्यांनी मखमलीच्या डबीतून दोन्ही जोड काढून ठेवले. नखाएवढी वस्तू, वायर कानावरून मागं घ्यायची, टोकाला रबराच्या टोप्या. मास्तरांच्या कानाला त्यांनी तीन मापाच्या टोप्या लावून पाहिल्या.

"हे डॉक्टरकडचं काम वाटतंय," मास्तर म्हणाले.

"काका, नीट बसलं नाही तर बास निघून जातो," बाई म्हणाल्या. "आणि हा जो दुसरा आहे ना, त्याचं स्टेज मोठं आहे, वाद्यं पसरून बसल्यासारखी वाटतात."

"ताई, स्टेज मी जन्मभर बांधलं," मी म्हटलं, "कानात मावलेलं एकही बघितलं नाही."

बाई हसल्या. मास्तरांनी तळहात वर केला आणि आम्ही दोघं गप्प झालो. त्यांनी पेटीच्या साथीचं एक भजन लावायला सांगितलं. आधी पहिला जोड, मग दुसरा. परत पहिला. डोळे मिटलेले, बोटं गुडघ्यावर, जसा काही पेटीचा एकेक सूर तपासताहेत. बाईंनी मला चहा दिला, तो पिऊन झाला, तरी मास्तर ऐकतच होते. एरवी एवढ्या वेळात त्यांनी अख्खी पेटी नापास केली असती.

शेवटी डोळे उघडले. "दोन्ही सारखे. एकाच कारखान्यातले असणार. पोरीला उगाच दोन पसंत पडले."

"हो काका, बरेच जण असंच म्हणतात," बाई म्हणाल्या. चांगल्या मनानं म्हणाल्या. पण बरेच जण म्हटल्यावर मास्तरांचा चेहरा उतरला. बऱ्याच जणांत ते आजवर कधी मोडले नव्हते.

"भोंगेवाले, तू पण ऐकून घे," ते म्हणाले. "परत म्हणशील, मला नेलं आणि ऐकू दिलं नाही."

मी घातले. पहिल्यात गाणारी बाई, पेटी, तबला, सगळं चोख. मग दुसरा जोड घातला. तेच भजन. आणि काय सांगू, मागं, पार मागं कोपऱ्यात, कुणीतरी टाळ वाजवत होतं. पहिल्यात तो भिंतीपलीकडं असल्यासारखा होता, ह्यात खोलीत येऊन बसला होता. मला वाटलं मागं वळून बघावं. माझे डोळे मिटलेले असणार, कारण मास्तरांनी माझ्या कानातली एक बाजू ओढून काढली तेव्हा मी दचकलो.

"तुझा पाय हलतोय," ते म्हणाले. "ठेका तर तबल्याचा नाही. कशावर पाय धरलास?"

"टाळावर."

"कुठला टाळ?"

मास्तरांना मी एवढ्या वर्षांत नाना आवाजांत बोलताना ऐकलं होतं. तो आवाज तोवर ऐकला नव्हता. मला मागं घ्यायला जागाच नव्हती, शब्द तोंडातून गेला होता. त्यांनी दुसरा जोड परत घातला. संपूर्ण भजन ऐकलं. मग कानातून न काढताच बाईंना विचारलं, "बेटी, तुला येतो ऐकू? टाळ?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं.

"हो काका," त्या हळू म्हणाल्या. "मागे आहे."

मास्तरांनी दोन्ही जोड हातात घेऊन पाहिले, जसं ते पेटीच्या पट्ट्या काढून उजेडात पाहायचे. मला वाटलं, आता म्हणतील, काही नको, चला. उठताना मी त्यांना हात द्यायला पुढं झालो, तो त्यांनी झटकला.

"हा द्या," म्हणाले. "टाळवाला."

"काका, तुम्हाला येत नसेल तर दोन्ही सारखेच..." बाई म्हणायला गेल्या.

"मला ऐकू येत नाही म्हणून टाळ नाही, असं थोडंच आहे?"

परतीच्या रिक्षात मुलीचा फोन आला. "अब्बा, कळला फरक?"

"कळला ना. एकात टाळवाला भिंतीपलीकडं बसलाय, एकात खोलीत येऊन बसतो. खोलीतला घेतला."

"बघा! मी म्हटलं होतं ना, अब्बांनाच कळणार!"

माझेच शब्द, दुकानातून बाहेर पडताना मी त्यांना सांगितलेले, मला न विचारता उचललेले. फोन ठेवून माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिला कशाला सांगायचं? तिथं एकटीच रडत बसेल." आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलला रिक्षा उभी असताना, "मालेगावला तरुणपणी यंत्रमागावर होतो. त्या खटखटीनं तेव्हाच खाल्ला असणार वरचा कान. मला आज कळलं." पुढं म्हणाले, "तुझा कसा काय वाचला रे? भोंग्यात आयुष्य गेलं तुझं."

"मी कायम भोंग्याच्या मागं उभा राहायचो, मास्तर. पुढं पब्लिक."

त्यावर ते इतके हसले की रिक्षावाल्यानं आरसा वळवून बघितलं.

मास्तर गेले त्याला आता वर्ष होत आलं. ते इयरफोन शेवटपर्यंत दुपारी त्यांच्या कानात असायचे. मधेच हातानं खूण करून मला बोलवायचे, एक बाजू माझ्या कानात घालायचे आणि विचारायचे, "आलाय का?" मी म्हणायचो, "आलाय, मागंच बसलाय." मग समाधानानं परत डोळे मिटायचे. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आपल्या गल्लीतही असं एखादं दुकान बदललेलं तुम्ही पाहिलं असेल, आणि सवयीनं तिथं थांबलाही असाल.

पण लोक मास्तरांच्या कानाच्या गोष्टी सांगतात तेव्हा मला त्या शुक्रवारनंतरचा शनिवार सांगायचा असतो.

सकाळी मी दात घासत होतो तर मास्तर दारात. तोच कालचा सदरा. खिशात फडक्यात बांधलेली कानस. म्हणाले, "कळवणची गाडी किती वाजता आहे?" मी विचारलं नाही कशाला. चूळ भरली आणि चप्पल घातली. गाडीत वणी येईपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत होते. वणीला मी म्हटलं, "मास्तर, बुवा बोलले तर ऐकून घ्या." म्हणाले, "त्यासाठीच चाललोय."

बुवा घरापुढं कांदे निवडत बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा, सून, मंडळातले दोन टाळकरी. मास्तरांनी बसायच्या आधीच, सगळ्यांच्या समोर सांगितलं, "बुवा, गळा तुमचा बरोबर होता. पेटी मी बिघडवली. वरचे सूर मला ऐकू येत नाहीत."

बुवांनी हातातला कांदा खाली ठेवला, हात धोतराला पुसले.

"मंग दुसऱ्या कुणाकडं न्यायची म्हंता का पेटी?"

"न्या. पत्ता देतो. पुण्याला एक चांगला माणूस आहे."

"मी कशाला जाऊ पुन्याला?" बुवा म्हणाले. "तीस वर्सं झाली, दुसऱ्या कुनाचा हात नाय लागला हिला. हात तुमचा हाय ना शाबूत? खुपतंय ते मला ऐकू येतंय. बसा इथं. अगं, च्या टाक गं."

सुनेनं पेटी आणून दिली. बुवांनी भाता धरला, वरचा एक सूर दाबला आणि तोंड वाकडं केलं. मास्तरांनी ती पट्टी काढली, मांडीवर फडकं पसरलं, त्यावर ती ठेवली आणि कानस टेकवून बुवांच्या तोंडाकडं बघत विचारलं, "चढवू, का उतरवू?"