पाहणीच्या दिवशीची साडी

मी तेव्हा जेमतेम बासष्टची, म्हणजे अक्कल यायची होती. वाशीत आमच्या सोसायटीच्या गेटवर भाजी विकणाऱ्या साताऱ्याच्या बाईकडे रेशनसाठी पाहणी होणार होती. "सरकारी माणसासमोर नीट दिस गं," म्हणत मी तिला माझी रेशमी साडी नेसवली. रेशनच्या यादीतून तिचं नाव गेलं, ते अजून चढलेलं नाही. साडी मात्र तिनं इस्त्री करून परत केली, वर कढीपत्ता ठेवून.

तराजूला मोबाईल टेकवून, मेथीच्या जुड्या बांधत ती संसद ऐकते. काल महागाई आणि गरिबीवर चर्चा होती. चर्चा संपल्यावर ती मला म्हणाली, "आजी, समदी दिवसभर बोलली, पन गरिबानं दिसावं कसं, ते कुनीच सांगितलं न्हाई."