जोडावरची चिंधी

दुष्काळाच्या साली आमची प्रचाराची जीप जामखेडच्या एका वायरमनकडे थांबली. मागच्या दिव्याच्या वायरी उघड्या पडल्या होत्या आणि पत्रकांचे गठ्ठे त्यांना घासत होते. त्याने वायरी पिळून जोडल्या, जोडावर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, वरून हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली आणि जोड तापतो का ते तळहात ठेवून पाहिलं.

“खर्ड्याकडं चाललाय न्हवं? माझी कारभारीन तिथं खडी फोडती. काम संपंस्तवर तिकडंच. ही चिंधी तिच्याच लुगड्याची हाय.”

“काही निरोप सांगू?”

“तुमी भाषन करा. निरोप मागं बांधलाय.”

खर्ड्याला खडी फोडणाऱ्या मजुरांपुढे मी मजुरीच्या हक्कावर तावातावाने बोललो. त्या वयात माझा शब्दांवर फार विश्वास होता. एक बाई मात्र उठून जीपमागे गेली. तिने चिंधी सोडून कनवटीला खोचली, आपल्या पदराचा लाल काठ फाडून जोडावर घट्ट बांधला आणि पुन्हा हातोडा उचलला.

संध्याकाळी जामखेडला परतलो तेव्हा वायरमन रस्त्यातच उभा होता. आम्हाला काही न विचारता तो जीपमागे गेला आणि लाल काठावर त्याने तळहात ठेवला.

“तापलाय का जोड?” मी विचारलं.

“बघतोय,” तो म्हणाला, आणि हात बराच वेळ तिथेच राहिला.