बारशाआधीचं नाव

बारशाआधी बाळाचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही आमच्या आईची सक्त ताकीद. पुण्याहून फोनवर रोज तेच. आणि आमची लेक दिवस भरायच्या कितीतरी आधी झालेली, इकडे परदेशात वेस्टमीडला हॉस्पिटलात काचेच्या पेटीत नळ्या लावून पडलेली. कसलं बारसं नि कसलं काय!

नवऱ्याचं घराणं मूळचं जर्मन. सासूबाई पेटीशेजारी विणत बसायच्या आणि त्यांच्याकडची जुनी नावं सांगायच्या. गर्ट्रूड म्हणजे भाला आणि बळ. बर्नहार्ड, अस्वलासारखा धीट. वोल्फगांग, लांडग्याची वाट. हिल्डेगार्ड म्हणजे लढाई आणि कुंपण; ते त्यांच्या आजीचं. असे दोन-दोन शब्द जोडून नावं करायचे म्हणे. मला संताप यायचा. पोरीला धड श्वास घेता येईना आणि ह्यांना भाले-लांडगे सुचतायत! आमच्याकडे पोरं जगत नसली की धोंडू, दगडू म्हणायचे, यमाने ढुंकूनही बघू नये म्हणून. हे लोक उलट त्याच्याशी भांडायलाच उभे.

मग तिच्या आतड्याचं ऑपरेशन ठरलं. नेण्याआधी नर्सने हळूच विचारलं, नाव ठेवलंय का, ठेवायचं असेल तर आत्ता ठेवा. तिचा तो मऊ आवाज ऐकूनच मी ओळखलं. बाळ गेलं तर कागदावर लिहायला नाव लागतं, म्हणून विचारतेय ही, दुसरं काय! मन चिंती ते वैरी न चिंती. मी नाही म्हणाले. ती 'नो वरीज' म्हणून बाजूला झाली, तर तिचाही राग आला. नवऱ्याने समजावून पाहिलं, त्याच्यावर खेकसले. नाव ठेवलं की ही जाणार, एवढंच डोक्यात बसलं होतं.

सासूबाईंनी सुया खाली ठेवल्या. त्यांचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. नाव न ठेवताच नेलं होतं त्याला.

"त्याची आठवण येते," त्या म्हणाल्या, "तेव्हा कुणाला हाक मारू तेच कळत नाही मला. अजूनही."

मी पेटीच्या गोल खिडकीशी तोंड नेलं. आमच्यात नाव आत्या सांगते, कुर्रर्र करून. इथे आत्या नव्हती आणि कुर्रर्र करायचं बळ माझ्यात नव्हतं. सासूबाईंच्या आजीचं नाव मी चोरासारखं पुटपुटले, नर्सने ते लिहून घेतलं. आणि ते लोक तिला ऑपरेशनला घेऊन गेले.

दुपारी दार उघडून एका डॉक्टरबाईने तेच नाव घेतलं आणि तिची आई कोण म्हणून विचारलं. सासूबाईंनी दंडाला धरून मला उभं केलं.

आत तिची छाती वरखाली होत होती. मी तिला हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.